वाट्याला आलेले वचन

बँकेत होतो तेव्हा महिनाअखेर जवळ आली की माझी झोप उडत असे. निवृत्तीनंतर तसेच गुरुवारचे झाले आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत टेबलावरचा कागद कोरा असला की चहाचा कप ठेवताना सौ. विचारते, "जुळलं का?" पूर्वी हाच प्रश्न ती मी बँकेतून उशिरा घरी आलो की विचारायची. तेव्हा तिला रोकड आणि वह्या जुळल्या का, हे विचारायचे असे. आता विचारायचे असते ते येत्या रविवारच्या शुभवर्तमानावरचे माझे मनन जुळले का, हे. दोन्ही वेळी माझे उत्तर बहुधा एकच. "थोडा फरक येतोय."

मी वसईचा. केळीच्या बागा, पानवेली आणि चर्चचे मनोरे यांच्यात वाढलो. १९८२ साली बँकेत लागलो आणि साठी पुरी करून २०१९ साली बाहेर पडलो. मधल्या काळात रात्री जागून चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन वाचनालयांत अजून सापडतात. कादंबरी लिहिणाऱ्याला एक मोठी चैन असते. काय लिहायचे ते त्याचे तो ठरवतो. एखादे पात्र जड जाऊ लागले तर त्याला परगावी धाडून देता येते. एखादा प्रसंग नकोसा असेल तर प्रकरण अलीकडेच संपवता येते. गेली काही वर्षे मी जे लिहितो आहे त्यात ही चैन नाही. तिथे विषय निवडण्याची मुभा मला नाही. त्या न निवडण्याविषयीच आज थोडे सांगायचे आहे.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि चर्चची दारे बंद झाली. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता. आमच्या गावात त्या दिवशी झावळ्या घेऊन मिरवणूक निघते. त्या वर्षी रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते. त्याच आठवड्यात आमच्या फादरांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही लिहिणारे आहात. दर रविवारच्या वाचनावर एक पान लिहून द्या. घरोघरी मोबाइलवर पाठवू. जेवायला बसण्याआधी घरातलं कोणीतरी ते मोठ्यानं वाचील."

मी म्हटले, "फादर, मी धर्मगुरू नाही. मला ग्रीक येत नाही, हिब्रू येत नाही. आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचलेला माणूस मी."

"प्रवचन माझं मी करीन. तुम्ही मनन लिहा. काही चुकलं तर मी खोडीन."

दोन-चार आठवड्यांचे काम, असे मी धरून चाललो होतो. १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली, लोक पुन्हा मिस्साला येऊ लागले. पान मात्र थांबले नाही. आता ते छापून चर्चच्या दाराशीही ठेवलेले असते.

ज्यांना आमच्या उपासनेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. कीर्तनकार निरूपणासाठी उभा राहतो तेव्हा अभंग तो स्वतः निवडतो. आमच्याकडे कोणत्या रविवारी कोणते वचन वाचायचे हे आधीच ठरलेले असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, कॅथॉलिक चर्चने रविवारच्या वाचनांची तीन वर्षांची माला आखून दिली. 'अ' वर्षात संत मत्तय, 'ब' वर्षात संत मार्क, 'क' वर्षात संत लूक. संत योहानाचे शुभवर्तमान तिन्ही वर्षांत सणावारी आणि मधूनमधून येते. ज्या सालाला तीनने नि:शेष भाग जातो ते 'क' वर्ष, ही खूण माझ्यातल्या बँकवाल्याला फार आवडते. वर्षाची सुरुवात मात्र जानेवारीत होत नाही. ती नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने होते. वसईच्या चर्चमध्ये रविवारी जो उतारा वाचतात तोच त्या दिवशी रोममध्ये, मनिलात आणि गोव्यातल्या खेड्यांतही वाचला जातो. त्यात आपल्या आवडीनिवडीला जागा नाही. बँकेत तपासनीस न सांगता येत असे. हा तपासनीस तीन वर्षे आधी तारीख कळवून येतो, आणि तरीही आपण सापडतोच.

माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. फादरांची पाठ लोकांकडे असे आणि आजी त्या वेळात आपली जपमाळ ओढी. वेदीवर काय चालले आहे हे तिला श्रद्धेने ठाऊक होते, शब्दांनी नव्हे. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकन परिषद भरली आणि तिच्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. वसईत ती मराठीत आली. मी तेव्हा लहान होतो. पण पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकून आल्यावर आजी ओटीवर टेकून जे म्हणाली ते आठवते. "देवाला आपली भाषा येते म्हणायची!"

देवाला ती येते हे ओळखणारे लोक आजीच्या कितीतरी आधी होऊन गेले होते. धर्मवचन समोर ठेवून त्यावर लोकांच्या बोलीत बोलत जाणे ही तर मराठीची जुनी रीत. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर जे निरूपण केले, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ते समोर श्रोते बसवूनच. पुढे सव्वातीनशे वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापून निघाले तेही ओवीतच, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून अक्षरे रोमन; भाषा मात्र मराठी. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनने १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू केला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१२ पासून १९१९ साली देवाघरी जाईपर्यंत त्याच्या मराठी भागाचे संपादक होते. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांनी डोळे मिटले त्याआधी ते काम पुरे झाले होते, आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापण्यासाठी राबले ते तिथल्या स्त्रियांचेच हात. आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक कितीतरी वर्षे चालवले आणि 'सुबोध बायबल' मराठीला दिले. २०२० साली उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४च्या जुलैत ते गेले.

या मंडळींच्या पंक्तीत माझे पान बसत नाही हे सांगायला नको. पण त्यांच्याकडून एक धडा घेता येतो. रमाबाईंच्या डोळ्यांसमोर पंडित नव्हते, दुष्काळातून आलेली, नुकती अक्षरे ओळखू लागलेली बाई होती. माझ्या डोळ्यांसमोर शेजारच्या मावशी असतात. पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन त्यांनी निम्मे आयुष्य मुंबईला खेपा घातल्या. पान त्यांना कळले नाही तर ते जुळले नाही, असा माझा हिशेब आहे.

कामाची पद्धत ठरून गेली आहे. सोमवारी उतारा तीनदा मोठ्याने वाचायचा, लिहायचे काही नाही. बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या. आपल्याकडे श्रवण, मनन आणि निदिध्यासन म्हणतात. वाट फार वेगळी नसावी. मंगळवारी आणि बुधवारी बाजारहाट करताना, बागेला पाणी घालताना तो उतारा डोक्यात घोळत असतो. गुरुवारी लिहायचे, शुक्रवारी फादरांकडे द्यायचे, शनिवारी ते लोकांकडे जाते.

काही उतारे पहिल्या नजरेला अगदी कोरडे वाटतात. संत मत्तयाची सुरुवातच घ्या. अब्राहामापासून येशूपर्यंतची वंशावळ, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग. वाचताना खतावणीची पाने उलटतो आहोत असे वाटते. पण खतावणी वाचायची सवय असलेल्या माणसाला वेगळी नोंद चटकन दिसते. त्या पुरुषांच्या यादीत मरियेच्या आधी चार बायका आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. परक्या घरच्या, लोकांनी नावे ठेवलेल्या. मत्तयाने त्या गाळल्या नाहीत. हे लिहिले तेव्हा मावशी म्हणाल्या, "मग आमचंबी नाव कुठंतरी असंल." असा आठवडा चांगला जातो.

सगळे आठवडे तसे जात नाहीत. ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो आठवडा दोनदा आला.

२०२० हे 'अ' वर्ष होते. १३ सप्टेंबरच्या रविवारी संत मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला उतारा आला. पेत्र येशूला विचारतो, भावाने अपराध केला तर त्याला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशूचे उत्तर त्याच्या कितीतरी पुढे जाते, आणि मग तो एक गोष्ट सांगतो. एक राजा सेवकांचे हिशेब घ्यायला बसतो. एका सेवकाकडे दहा हजार तालान्त येणे निघते. सेवक पाया पडतो, मुदत मागतो. राजाला दया येते आणि तो सगळे कर्ज सोडून देतो. तोच सेवक बाहेर पडतो आणि आपले शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. सोबती पाया पडतो, मुदत मागतो. हा त्याला तुरुंगात घालतो. राजाला हे कळते आणि पुढचे काय ते कळण्यासारखे आहे.

हिशेब, येणे, मुदत, माफी. दृष्टान्त अगदी माझ्या घरचा. मी हौसेने आकडेमोड मांडली. तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दिनार. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. पुढच्याच रविवारी येणाऱ्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत ते दिसते. म्हणजे पहिल्याचे कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे. एकही खाडा न करता फेडायचे म्हटले तरी सुमारे १,६४,००० वर्षे लागतील. दुसऱ्याचे कर्ज सव्वातीन महिन्यांच्या मजुरीचे. एक दुसऱ्याच्या सहा लाख पट. देवाची क्षमा केवढी आणि माणसाचा कोतेपणा केवढा, असा शेवट करून मी पान पाठवले. खूप फोन आले. कुवेतला असलेल्या भाचीने तर ते तिथल्या मैत्रिणींना वाचून दाखवले.

एक फोन मात्र आमच्या गावच्या निवृत्त शिक्षिका बाईंचा होता. म्हणाल्या, "हिशेब छान मांडलात हो. पण इतकी वर्षं तुम्ही बँकेत होतात. तुमचा स्वतःचा काही हिशेब नाही का त्यात?"

मी हसून विषय बदलला. फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आले, की त्यांना जे विचारायचे होते ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

१९८४ साली मुंबईच्या एका उपनगरातल्या शाखेत मी रोखपाल होतो. एका संध्याकाळी रोकड हजार रुपयांनी कमी भरली. चारदा मोजली, तरी हजार कमी. रोकड कमी पडली तर रोखपालाने त्याच दिवशी भरून द्यायची, असा नियम. माझा पगार हातात त्याहून फारसा जास्त येत नव्हता आणि तो महिन्याच्या विसाव्या तारखेला संपलेला होता. मी मॅनेजरसाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटले, "साहेब, थोडी मुदत द्या. सगळे फेडतो." त्यांनी आपल्या खात्याचा धनादेश लिहिला आणि रोकड जुळवली. मी महिन्याला पन्नास रुपये देत राहिलो. चौदा महिन्यांनी त्यांची बदली झाली तेव्हा तीनशे राहिले होते. निरोपसमारंभाच्या दिवशी पाकीट पुढे केले, तर त्यांनी ते माझ्या शर्टाच्या खिशात परत सरकवले. म्हणाले, "राहू दे. तूही कधीतरी साहेब होशील."

मी साहेब झालो. १९८७ साली बढती मिळून नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत फील्ड ऑफिसर म्हणून गेलो. विहिरींची कर्जे, दुभत्या जनावरांची कर्जे, मोटारसायकलवर धुळीत फिरणे. रविवारी कधी नेवाशाला जाऊन त्या पैसाच्या खांबाजवळ बसत असे. माझ्या हद्दीत एक शेतकरी होता. विहिरीसाठी कर्ज काढले, विहीर खणली, पाणी लागले नाही. हप्ते थकले. १९८९च्या जानेवारीत त्याच्या नावावर ८,६०० रुपये थकबाकी होती. तो शाखेत आला, टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "सायेब, ज्वारी निघूस्तवर मुदत द्या. समदं फेडतो."

मी म्हटले, "वरून आदेश आहे."

आठ दिवसांनी वसुली मोहीम निघाली. गावच्या चावडीसमोर जीप उभी राहिली, लोक जमले आणि थकबाकीदारांची यादी मोठ्याने वाचायची ठरली. यादी माझ्या हातात होती. त्याचे नाव तिसरे होते. त्याच्यापुढे जामीनदाराचे नाव. जामीनदार म्हणजे त्याचे व्याही. लेक त्या घरी दिलेली. मी दोन्ही नावे वाचली. मी कोणाचा गळा धरला नव्हता. फक्त नाव वाचले.

पुढच्या बाजारी त्याने बैलजोडी विकली आणि पैसे भरले. पावती मीच लिहिली. त्या मार्चअखेर आमच्या शाखेची वसुली इतकी चांगली झाली, की मला वरून अभिनंदनाचे पत्र आले. पुढे १९९० साली केंद्र सरकारची कर्जमाफी आली, दहा हजार रुपयांपर्यंतची. त्या गावातल्या कितीतरी थकबाकीदारांची खाती कोरी झाली. त्याचे खाते आधीच कोरे होते. त्याला काही मिळाले नाही.

वाचकांपैकी कोणी बँकेत असतील तर ते म्हणतील, यात तुमची चूक काय? बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचा पैसा. तो सोडून देण्याचा अधिकार मला नव्हता आणि असता तरी सोडणे बरोबर झाले नसते. हे मी आजही म्हणेन. पण कर्जाची फेरआखणी करावी अशी शिफारस मला करता आली असती. दोन महिने थांबावे असा शेरा लिहिता आला असता. निदान चावडीवर ते नाव न वाचता पुढे जाता आले असते. कर्ज माझ्या हातात नव्हते. माणसाशी कसे वागायचे ते होते.

कादंबरीकार म्हणून हा प्रसंग मी कधी कागदावर येऊ दिला नाही. चार कादंबऱ्यांत मिळून दोन बँक अधिकारी आहेत, आणि दोघेही माझ्याहून चांगले आहेत.

चक्र फिरून २०२३ साली पुन्हा 'अ' वर्ष आले. १७ सप्टेंबरला तोच उतारा. सोमवारी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला बसलो आणि दुसऱ्या कर्जदाराच्या विनवणीशी अडखळलो. हे तर आपण तीन ओळी वर वाचले! पहिला कर्जदार राजापुढे ज्या शब्दांत मुदत मागतो, जवळजवळ त्याच शब्दांत दुसरा त्याच्यापुढे मुदत मागतो. २०२० साली आकडेमोडीच्या नादात हे माझ्या नजरेतून सुटले होते. त्या सेवकाला स्वतःचेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले आणि ओळखता आले नाहीत. "थोडी मुदत द्या, सगळे फेडतो." मलाही ते ओळखता आले नव्हते.

पळवाटा होत्या. पेत्राला येशूने दिलेल्या उत्तरातला आकडा उत्पत्तीच्या पुस्तकातल्या लामेखाच्या सूडाची आठवण करून देतो. लामेख सत्याहत्तर पट सूड घ्यायची भाषा करतो, येशू तो आकडा उलटवून क्षमेला लावतो. विद्वत्तेचे पान त्यावर सहज भरले असते, आणि फादरही खूश झाले असते. मंगळवार-बुधवार मी तेच मनात घोळवीत होतो. कीर्तनकार असतो तर दुसरा अभंग घेतला असता.

गुरुवारी सौ.ने चहा ठेवला. "जुळलं का?"

त्या दिवशी मी तिला ती गोष्ट सांगितली. तिला लग्नानंतर त्या गावात आणले होते. ज्या दिवशी मी ती यादी वाचून घरी आलो त्या दिवशीही तिने हाच प्रश्न विचारला असणार. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "त्यांचं नाव काय होतं?"

मला नाव आठवत होते. वडिलांच्या नावासकट, खातेक्रमांकासकट.

"नाव लिहू नका," ती म्हणाली. "एकदा वाचलंत तेवढं पुरे. बाकी सगळं लिहा."

तसे लिहिले. फादरांनी एकही शब्द खोडला नाही. या वेळी फोन फार आले नाहीत. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या दाराशी गावातले एक गृहस्थ थांबले होते. त्यांचा आणि सख्ख्या भावाचा जमिनीवरून दावा चालू आहे. दोघांत बोलणे नाही. वसईत जमिनींचे भाव वाढल्यापासून अशी घरे थोडी नाहीत. त्यांनी पानाच्या दोन प्रती मागितल्या. मी विचारले, "दुसरी कोणाला?" ते काही बोलले नाहीत. प्रती घडी करून खिशात ठेवल्या आणि गेले. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही.

माझे मात्र तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. जे इतरांना वाचायला दिले ते स्वतः करायला नको का? डिसेंबरात एस.टी.ने त्या गावी गेलो. तो शेतकरी वारला होता. मुलगा भेटला, पन्नाशीला आलेला, बोअरच्या पाण्यावर कांदा करणारा. बँकेत होतो एवढेच सांगून मी बैलांची गोष्ट काढली.

"बैलं इकली ती आठवत्यात," तो म्हणाला. "मी तवा नववीत व्हतो. अक्काच्या सासरच्यांनी लई दिवस बोलणं टाकलं व्हतं. यादी वाचणारा सायेब कोण व्हता ते न्हाई आठवत."

मी म्हटले, "तो मी."

तो बराच वेळ बांधाकडे पाहत राहिला. मग घरात हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी माफी मागितली. त्यावर तो म्हणाला, "तुमी तरी काय करणार सायेब, नोकरी व्हती."

हेच वाक्य मी स्वतःला चौतीस वर्षे सांगत आलो होतो. त्याच्या तोंडून ऐकले तेव्हा ते मला पुरेसे वाटले नाही. चहा झाल्यावर तो मला थांब्यापर्यंत सोडायला आला. गाडी येईपर्यंत आम्ही कांद्याच्या भावाविषयी बोललो. त्याने क्षमा केली की पाहुण्याचा मान राखला, हे मला सांगता येणार नाही. ते विचारण्याचा हक्कही मला नाही.

दर आठवड्याला वचनावर लिहिणाऱ्याविषयी लोकांची एक समजूत असते. त्याला काहीतरी सापडले आहे आणि तो ते वाटतो आहे, असे त्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. पान पुरे झाले की बहुतेक वेळा माझ्याकडचे काहीतरी उघड्यावर आलेले असते. वचन आपण निवडू लागलो तर आपल्या सोयीचे निवडू. मी तर नक्कीच निवडीन. वाट्याला आलेले वचन तशी सोय ठेवत नाही. आपण एकदा बगल दिली तरी ते तीन वर्षांनी त्याच रविवारी, त्याच शब्दांत पुन्हा दारात उभे असते. त्याच्याकडे घाई नसते. शब्द बदललेले नसतात, बदललो असतो आपण. नेमाने लिहिण्याचा फायदा असेल तर तो एवढाच, की त्या दिवशी आपण घरी सापडतो.

'अ' वर्ष पुन्हा आले की तो उतारा पुन्हा येईल. तेव्हा काय लिहीन ते आज माहीत नाही. बँकेत एक गोष्ट जुन्या माणसांनी शिकवली होती. संध्याकाळी वह्या जुळल्या नाहीत तर घाबरायचे नाही; फरक किती आहे यापेक्षा तो कुठल्या पानावर आहे ते शोधायचे. पान सापडले की निम्मे काम झाले.

काल गुरुवार होता. सौ.ने चहा ठेवला आणि विचारले, "जुळलं का?"

"फरक येतोय," मी म्हटले. "पण कुठे येतोय ते कळलं."